खोलीचा ठसा

"आधी खोली ऐकावी, मग पेटी उघडावी."

हे आप्पांचं वाक्य. आप्पा म्हणजे माझे सासरे, कराडच्या एका शाळेत तीस वर्षं संगीत शिकवणारे आळतेकर मास्तर. घरी पेटी शिकायला नवं मूल आलं की ते त्याला आधी खोलीच्या मधोमध उभं करत, टाळी वाजवायला लावत आणि विचारत, "काय परत आलं?" मूल म्हणे, "काही नाही." आप्पा शांतपणे म्हणत, "येतं. ऐकू येईपर्यंत वाजव."

त्यांना जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती, आणि त्याच खोलीच्या मधोमध आता एक तिपाई उभी होती. तिच्या टोकाला करंगळीएवढा मायक्रोफोन.

"आता दहा मिनिटं कुणी हलायचं नाही," आमचे हे म्हणाले. "कुकर लावलायस का?"

"लावलाय."

"बंद कर. मध्ये शिट्टी झाली तर सगळी मोजणी पहिल्यापासून."

मी कुकर बंद केला. डाळ अर्धी कच्ची राहिली.

सगळं सामान आमच्या रेवाने बंगळुरूहून पाठवलं होतं. बाबा निवृत्त झाल्यापासून नुसते खिडकीशी बसतात, त्यांच्या हाताला काम हवं म्हणून. सात स्पीकर, जमिनीवर ठेवायचा एक मोठा घुमणारा स्पीकर, सगळ्यांना आवाज वाटून देणारा रिसीव्हर आणि जेवणाच्या डब्याएवढा कॉम्प्युटर. यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली, त्यामुळे वायरमनला बोलावणं म्हणजे अपमान. दोन दिवस चौसष्ट वर्षांचा माणूस गुडघ्यांवर रांगत होता. कॉम्प्युटरची वायर रिसीव्हरला लावली, तर गाणं वाजलं टीव्हीच्या पाठीतून. सेटिंगमध्ये जाऊन आवाजाची वाट बदलली, तर सातांतले चारच बोलले. सातही बोलायला लागले, तेव्हा ऐन ख्यालात 'अपडेट उपलब्ध आहे' असं एक बाई डाव्या कानाशी येऊन सांगून गेली. शेवटी सगळं जमलं आणि मागे एक बारीक घूं उरली. ती शोधण्यात अर्धा दिवस गेला. निघाली माझ्या देवघरातून. देवापुढचा विजेचा दिवा आणि रिसीव्हर एकाच लाइनवर होते.

"तुझा देव माझ्या गाण्यात गुणगुणतोय," हे म्हणाले.

"गुणगुणू दे. त्याचंही घर आहे."

"दुसऱ्या प्लगवर घेऊ का त्याला?"

"घ्या. पण अंधारात ठेवू नका."

मग मोजणी सुरू झाली. एकेका स्पीकरमधून एकच सूर निघायचा, पार खर्जातून सुरू होऊन कानाला टोचेपर्यंत वर चढत जायचा. मायक्रोफोन नुसता ऐकत होता. सात स्पीकर, सात वेळा. मोजणी संपली तेव्हा टीव्हीच्या पडद्यावर आमच्या खोलीचा नकाशा उमटला होता. भिंती, खिडकी, कपाट, आप्पांचा कॅसेटींचा कोनाडासुद्धा. आवाजाने खोली चाचपून काढली होती.

"हे एवढं नेहमीचंच," हे म्हणाले. "खोली कुठला सूर खाते, कुठला फुगवते ते बघून कॉम्प्युटर आवाज बेतून देतो. आता हे जे नवं निघालंय ना, 'पडसाद' म्हणून, ते उलटं चालतं."

"उलटं म्हणजे?"

"तू देवघरात डोळे मिटून बसलीयस आणि पळी पडली. ती ताम्हनाजवळ पडली की दाराशी, कळतं ना तुला?"

"कळतं."

"कसं? आवाज आधी सरळ तुझ्याकडे येतो, मग भिंतीला आपटून, मग छताला आपटून. त्या येण्यातला उशीर प्रत्येक जागेचा वेगळा. आपल्याला दोन कान आहेत म्हणून चटकन उमगतं. आप्पांच्या टेपरेकॉर्डरला कान एकच. त्याने सगळं एकात एक कालवून टेपवर उतरवलं. पण ते पडसाद टेपवर आहेतच की. खोली तीच असेल आणि तिचा ठसा असा बारीक मोजलेला असेल, तर कॉम्प्युटर उलटं गणित मांडतो. हा आवाज कॉटवरचा, तो खिडकीतला. मग कॉटवरचा कॉटवरूनच ऐकवायचा. म्हणजे आप्पा जिथे बसायचे, तिथेच बसून वाजवणार."

मला खरंच आनंद झाला होता. आप्पांची पेटी कॉटवरून ऐकू येणार, या कल्पनेने डोळे भरून आले होते. तेवढ्यात हे म्हणाले, "आणि गंमत सांगू? गप्प बसलेला माणूससुद्धा सापडतो."

"तो कसा?"

"अंग आवाज पितं. रिकाम्या देवळात घंटा वेगळी वाजते आणि भरल्या देवळात वेगळी, तसं. कुणी नुसतं येऊन उभं राहिलं, तरी तेवढ्यापुरता पडसाद बारीक होतो. नकाशावर तिथे करडी सावली पडते."

"न बोलता उभं राहिलं तरी?"

"न बोलता."

जपाच्या पिशवीत, गोमुखीत, माझा हात होता. मणी पुढे सरकेना.

या 'पडसाद'ने वर्षभरात काय काय केलं होतं ते मी बातम्यांत ऐकून होते. एका गावचे सरपंच 'मी त्या बैठकीला नव्हतोच' म्हणत होते. मोबाइलवरच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांची सावली खिडकीपाशी उभी सापडली. कोर्टांनी अजून पुरावा म्हणून मान्य केलं नव्हतं, पण घरं कोर्टाची वाट बघत नाहीत. आमच्या विद्यानगरात दोघांनी धडधाकट फरश्या उखडून नव्या बसवल्या. एकाने दिवाणखान्याच्या भिंतींना जाड गाद्या ठोकून घेतल्या. कारण कुणी विचारत नसे. खोली बदलली की ठसा पुसतो, एवढं सगळ्यांना कळलं होतं.

आमची खोली मात्र तीच होती. तीच फरशी, तेच कपाट. आणि कोनाड्यात एक्केचाळीस कॅसेटी.

आप्पा रोजचा रियाज टेप करत आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या चुका ऐकत. प्रत्येक कॅसेटवर नंबर आणि तारीख. एक्केचाळिसावी शेवटची. ते गेले तेव्हा ती मशीनमध्ये फिरत होती. यांनी ती एकदा लावून पाहिली होती, वर्षश्राद्धाच्या आधी. आवाज दबका, खरखर फार. चार मिनिटांत बंद केली, पुन्हा कधी हात लावला नाही.

"शनिवारी निलूला बोलावलंय," हे म्हणाले. "एक्केचाळीस ऐकायला."

निलू माझी नणंद. आप्पांनी नाव ठेवलं होतं नीलांबरी, पेटीवर त्यांचा हात नेहमी ज्या रागावर जाऊन बसायचा त्याचं. ती इचलकरंजीला असते. या घरात तिने सत्तावीस वर्षं पाऊल ठेवलं नव्हतं.

"येते म्हणाली?"

"आधी हसली. मग येते म्हणाली."

मी धीर करून म्हटलं, "अहो, नको ऐकायला. गेलेल्या माणसाचे शेवटचे श्वास ते. चांगलं नाही वाटत."

हे कॉटच्या पायाखाली लाकडी ठोकळा सरकवत होते. जुन्या फोटोवरून खोली त्या वर्षी होती तशी लावायचं काम चाललं होतं, मग पुन्हा एकदा मोजणी. तसेच वाकलेले असताना म्हणाले, "निलू तेव्हापासून सांगतेय, आप्पांनीच तिला बाहेर पाठवलं म्हणून. मी तिला खोटारडी म्हटलं. इथे, या दारात उभा राहून म्हटलं. ती खरी असेल तर मला ऐकायचंय. खोटी असेल तरी ऐकायचंय." मग कॉटचं दुसरं टोक दाखवलं. "धर जरा."

मी कॉट धरला. खोली तशी लावायला मीच हात दिला.

त्या संध्याकाळचं सांगते.

भाद्रपद होता. आप्पांना महिन्याभरापूर्वी हृदयाचा त्रास होऊन गेला होता आणि त्यांना एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. संध्याकाळी हे एक्स्चेंजमध्ये असत, म्हणून निलू माहेरी आली होती. दिवेलागणीनंतर मी जपाला बसे. अकरा माळा, आणि त्या पुऱ्या होईपर्यंत मौन. लग्नाला सात वर्षं होऊन मूल नव्हतं म्हणून घेतलेलं व्रत. 'एक दिवससुद्धा मोडायचं नाही,' असं सांगून दिलेलं. त्यामुळे तेवढा वेळ निलूने आप्पांजवळ बसायचं, असं ठरलेलं होतं. त्या दिवशी ती उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा आप्पा नव्हते. 'आप्पांनीच पाठवलं, पेटीतल्या सुरांच्या पितळी जिभा घासायला पॉलिश पेपर आण म्हणाले, कोपऱ्यावर मिळाला नाही म्हणून पुढे गेले,' असं ती रडून सांगत होती. ऐन दिवेलागणीला पॉलिश पेपर? कुणाला पटलं नाही. वाईचे बाळकाका, आप्पांचे धाकटे भाऊ, दहाव्याला सगळ्यांदेखत म्हणाले, "जिला अर्धा तास बापाजवळ बसवलं नाही, तिने पिंडाला नमस्कार करायला येऊ नये."

आणि माझ्याबद्दल? विदुला काय, बिचारी जपाला बसली होती. दार लोटून. तिला काय ऐकू येणार. हे मी म्हणाले नाही. सगळे म्हणाले. मी फक्त नाही म्हटलं नाही.

नऊ माळा झाल्या होत्या. पेटी थांबली. थांबली म्हणजे एक सूर तसाच लांबत राहिला आणि भात्यातली हवा संपली तसा बारीक होत गेला. मी माळ हातात घेऊनच उठले, बोळातून खोलीच्या दारात आले. आप्पा पेटीवर ओणवे झाले होते, कान पट्ट्यांना लावून. ते नेहमीच तसे बसत. एखादा सूर बोचायला लागला की कान टेकवून पाच-पाच मिनिटं ऐकत. त्यांनी विचारलं, "कोण? निलू? जरा इकडे ये." मी बोलू शकत नव्हते. हाताने 'आले' अशी खूण केली. त्यांनी वर पाहिलं नाही. मला वाटलं, दोन माळा राहिल्यात, पुऱ्या करून येते. व्रत घेतल्यापासून एक दिवस मोडला नव्हता.

आले तेव्हा ते तसेच ओणवे होते.

पुढच्या वर्षी रेवा झाली.

शनिवारी सकाळी हे बाजारात गेले. कोनाड्यातून मी एक्केचाळीस नंबरची कॅसेट काढली. यांनी आठवडाभर बजावलं होतं की कॅसेटी त्या मोठ्या स्पीकरजवळ ठेवू नकोस, आत ताकदीचं चुंबक आहे, टेप पुसली जाईल. मी ती त्या स्पीकरवर ठेवली. नीट मधोमध. वर क्रोशाचा रुमाल घातला, रोज तिथे असल्यासारखा.

मग पोथी घेऊन बसले. रोजच्या एकवीस ओव्या. पहिली ओवी तीनदा वाचली. चौथीपाशी नजर रुमालाकडे गेली. नवव्या ओवीला मी पोथी मिटली. अर्ध्यात पोथी मिटू नये, हे मला कळतं. उठले, कॅसेट उचलली आणि पदराखाली धरून उभी राहिले. ती पुसली गेली की नाही, हाताला कळत नव्हतं. तशीच गुळगुळीत, तशीच हलकी.

हे आले, पिशवी टेकवली आणि माझ्या हातात कॅसेट पाहून म्हणाले, "ठेव तुझ्याजवळ हवी तर. आप्पांचं अक्षर आहे तिच्यावर. सगळ्या कॅसेटी मी सोमवारीच उतरवून घेतल्यात कॉम्प्युटरवर."

मी भाजी निवडायला घेतली. मेथीची पानं देठांत आणि देठ पानांत जात होते.

निलू दुपारी चारला यायची ती गाडी बिघडून सहा वाजता आली. छप्पन्न वर्षांची, केस पिकलेले, चाल तीच. फाटकाशी थांबून तिने घराकडे खालून वर पाहिलं.

"रंग बदललात. बरं केलंत, तो हिरवा रंग दवाखान्यासारखा दिसायचा." मग आत येत म्हणाली, "दादा, हे घर आहे का थिएटर? तिकीट किती?"

"भावाकडे तिकीट नसतं," हे म्हणाले.

"हो का? सत्तावीस वर्षं मला वाटत होतं, हाउसफुल्ल आहे."

मी विचारलं, "चहा टाकू?"

"नको वहिनी. साखर आहे मला. आणि तुझ्या हातचा बिनसाखरेचा चहा म्हणजे देवाने दिलेली शिक्षा."

ती हसली. मीही हसले असेन.

दिवेलागण झाली. मी देवापाशी निरांजन लावलं आणि माझं मौन सुरू झालं. हे दारात येऊन म्हणाले, "तू बस जपाला. आम्ही ऐकतो दोघं." मी मान हलवली, गोमुखी घेतली आणि त्यांच्या मागोमाग खोलीत जाऊन भिंतीशी बसले. यांनी नवलाने पाहिलं, पण मौनात मला कुणी प्रश्न विचारत नाही.

कॉम्प्युटर सुरू झाला. पडद्यावर खोलीचा नकाशा आला. खटका दाबल्याचा आवाज झाला, आणि आप्पा कॉटवर आले.

दुसरं काय सांगू? कॉट रिकामा होता आणि आप्पा त्याच्यावर होते. भात्याची फुसफुस, बोटांची टकटक, मांडी बदलताना धोतराची सळसळ. नकाशात कॉटच्या जागी एक पिवळा ठिपका थरथरत होता. निलूने दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले.

एकच सूर पुन्हापुन्हा वाजला. मग आप्पा म्हणाले, "निलू, हा मध्यम बोचतोय बघ."

"मला नाही बोचत." खिडकीपाशी दुसरा ठिपका उगवला. निलूचाच आवाज, एकोणतीस वर्षांचा.

"तुला काय बोचणार, तू संसारी बाई. जा, कोपऱ्यावरून बारीक पॉलिश पेपर आण. दोन मिनिटांचं काम आहे."

"आप्पा, वहिनी जपाला बसलीय. दादाने सांगितलंय, तुम्हाला सोडून..."

"मी काय पळून जातोय? दुकान बंद होईल. जा गं."

चपला वाजल्या. त्या चपला खिडकीकडून निघाल्या, आमच्या तिघांच्या मधून गेल्या आणि बाहेरच्या दारातून उतरल्या. हे अंग चोरून बाजूला झाले, जणू खरंच कुणी गेलं.

"निलू," यांचा आवाज फुटला. "निलू, मी..."

"थांब," ती म्हणाली. "ऐकू दे. मी एवढंच ऐकलंय. पुढचं मला माहीत नाही."

पुढे मध्यम वाजत राहिला. थांबला. पुन्हा वाजला. मग दोन-तीन पट्ट्या एकदम दाबल्या गेल्या, त्यातली एकच धरलेली राहिली आणि तो सूर बारीक होत होत संपला. श्वास ऐकू येत होता, ओला, अडखळत. मी माळ ओढत होते. कुठल्या मण्यावर आहे ते मला कळत नव्हतं.

बोळाच्या दारात करडा डाग उमटला.

"कोण?" आप्पा म्हणाले. "निलू? जरा इकडे ये."

कुणी बोललं नाही. डाग तिथेच होता. यांच्या हाताशी सेकंदांचे आकडे पळत होते. नऊ, दहा, अकरा. मग डाग विरला.

यांनी टेप थांबवली, मागे घेतली, पुन्हा लावली. पुन्हा तोच डाग. त्याच्यावर बोट ठेवलं तर पडद्यावर अक्षरं आली. 'मऊ अडथळा. कापड किंवा व्यक्ती. खात्री एकसष्ट टक्के.'

"कापड," हे म्हणाले. "त्या दाराला पडदा होता ना?"

"होता की," निलू म्हणाली. "निळा, फुलाफुलांचा. मीच आणला होता." तिने डोळे पुसले. "वाऱ्याने हलला असेल. त्यांना वाटलं मी आले. तसंच असणार, दादा."

"तसंच असणार."

दोघं एकमेकांकडे बघत होते, लहानपणी बघत असतील तसे. निलू खरी ठरली होती. भावाला बहीण परत मिळाली होती. आप्पा आपल्या वेळेला गेले होते आणि वारा कुणाचाच नसतो. मशीनने माझ्यासाठी एकोणचाळीस टक्के जागा ठेवली होती. मी फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्याला त्या घटकेला मला पुण्य मिळत होतं.

मी गोमुखीतून हात बाहेर काढला.

"पडदा नव्हता," मी म्हणाले. "सकाळी धुवायला काढला होता, मागच्या दोरीवर होता. दारात मी होते."

त्या घटकेला माझा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. मीही नाही. हे आधी त्यानेच दचकले, मी काय बोलले ते त्यांच्यापर्यंत नंतर पोचलं.

"तू तर आत होतीस," निलू म्हणाली. "दार लोटून."

"पेटी थांबली म्हणून आले होते. ते पेटीला कान लावून बसले होते, नेहमीसारखे. मला वाटलं, सूर बघतायत. त्यांनी बोलावलं. मी हाताने 'आले' म्हटलं. त्यांनी पाहिलं नाही."

"मग?"

"दोन माळा राहिल्या होत्या."

मग यांनी, आमच्या यांनी, अगदी साध्या आवाजात विचारलं, "किती वेळ लागतो गं दोन माळांना?"

"आठ मिनिटं."

ते उठले, रिसीव्हरचं बटण बंद केलं आणि पाठ करून तिथेच उभे राहिले. बंद केलेल्या यंत्रावर हात ठेवून.

निलू माझ्यासमोर येऊन बसली, खाली फरशीवर. वाटलं, आता ही मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"ते वाचले असते का, हे मी विचारत नाही," ती म्हणाली. "ते कुणालाच माहीत नाही. मी पेपर आणायला गेले नसते तर, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की तुला विचारायला उरलं नाही. मला एकच सांग. दहाव्याला बाळकाकांनी मला अंगणातून परत पाठवलं, तेव्हा तू ओसरीवर उभी होतीस. तेव्हा तर तुझं मौन नव्हतं ना?"

"नव्हतं."

तिने मान हलवली. "मग रेवा झाली. तुला वाटलं असेल, देवाने मान्य केलं."

"नाही गं. भीती वाटली. वाटलं, मी बोलले तर तो तिला परत मागेल."

"असा असतो का तुझा देव?"

चाळीस वर्षं रोज त्याच्यासमोर बसते मी.

हे न वळता म्हणाले, "मी उद्या सगळ्यांना पाठवतो हे. बाळकाकांना, आत्याकडच्यांना. फाइल आहे. सगळ्यांना कळेल, निलू, तुझी काही चूक नव्हती."

"फाइल नको," निलू म्हणाली. "मशीनने सांगितलेलं नको मला. मशीनला काय, ते उद्या म्हणेल कापड होतं. हिच्या तोंडून हवं." ती माझ्याकडे वळली. "बाळकाका ब्याण्णव वर्षांचे आहेत. अजून कुठल्याही लग्नात मला पाहिलं की तोंड फिरवतात. त्यांना जाऊन सांग. फोनवर नाही. आणि त्यांना आता कानाने काही ऐकू येत नाही, तेव्हा ओरडून सांगावं लागेल. आळीतल्या चार घरांना ऐकू जाईल. चालेल?"

मला मोठ्याने बोलता येत नाही. भाजीवाल्यालासुद्धा मी फाटकाशी जाऊन हाक मारते.

"उद्याच जाते," मी म्हणाले.

"वचन दे."

मी हात पुढे केला. तिने घेतला, धरून ठेवला नाही.

"जेवून जा," मी म्हणाले.

"नाही वहिनी. आज नाही." चपला घालताना तिने एकदा खोलीत डोकावून कॉटकडे पाहिलं. हे तिला स्टँडवर सोडायला गेले. परत आले ते सरळ खोलीत गेले. मोडलेल्या माळा मी पुऱ्या केल्या नाहीत. त्या पुऱ्या होण्यासारख्या नव्हत्या.

सकाळी आंघोळ, पूजा रोजच्यासारखी झाली. यांच्यासाठी पोहे करून झाकून ठेवले. हे खोलीत बंद पडद्यासमोर बसले होते. मी पिशवीत पाण्याची बाटली आणि औषधाची डबी घातली, दारात जाऊन उभी राहिले.

"निघते," मी म्हणाले.

त्यांनी वर पाहिलं नाही. मी पायऱ्या उतरले तेव्हा मागून आवाज आला, "वाईची थेट गाडी आठला आहे. चुकली तर साताऱ्याला बदल."

"बरं."

फाटक लावून मी रस्त्याला लागले. कॉलनी नुकती उठत होती. पहिल्या वळणावर मी ते वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. बाळकाका, त्या संध्याकाळी दारात मी होते. आवाज घशातच राहिला. विजेच्या डीपीपाशी पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्याने. पुलाकडे जाणाऱ्या उतारावर आणखी मोठ्याने. दूध घेऊन येणारी एक बाई थांबून माझ्याकडे बघायला लागली. मी तिला नमस्कार केला आणि चालता चालता पुन्हा म्हटलं.